गहाणातला दागिना स्वस्त पडतो का? नवख्या गिऱ्हाईकासाठी

मराठवाड्यात बदली होऊन आलात, घरात लग्न निघालं आणि सोन्याचा भाव ऐकून घशाला कोरड पडली, की शेजारचं कुणीतरी हमखास सांगतं, “शोरूमला कशाला जाता? सराफ्यात जा. बुडालेलं गहाण निघतंय तिथं, निम्म्यात भेटतंय.” निम्म्यात भेटत नाही. सोनं निम्म्यात घेतलेली जी दोन-तीन माणसं मला माहीत आहेत, त्यातल्या एकाचं पितळ निघालं आणि बाकीच्यांना पोलीस ठाण्याच्या बाकावर बसावं लागलं. पण नीट पाहून घेतलं तर तोळ्यामागं काही हजार वाचतात, हेही खरं. ते कुठून वाचतात आणि कोणत्या भोकातून परत गळून जातात, एवढंच इथं सांगायचं आहे.

आधी दुकान ओळखा. परदेशी मालिकांत दाखवतात तसं, भिंतीला गिटार टांगलेली, काचेत घड्याळं मांडलेली, न सुटलेलं सगळं गहाण विकायला ठेवलेलं, असं दुकान आपल्याकडं नसतं. आपल्याकडं गहाणाला तीन दारं आहेत. पहिलं सराफाचं. जालन्याचा, नांदेडचा सराफा असो की लातूरच्या गंजगोलाईतली सराफ लाईन, तिथल्या काही पेढ्यांकडं सावकारीचाही परवाना असतो. दुसरं दार बँका, पतसंस्था आणि सोनेतारण कंपन्यांचं. तिथं थकलेल्या कर्जाचं सोनं लिलावात निघतं. तिसरं दार म्हणजे जुना बाजार. संभाजीनगरात छावणीचा गुरुवारचा आणि जाफरगेटचा रविवारचा बाजार यासाठी माहीत आहेत. तिथं गहाणातलं म्हणून जे सांगतात ते बहुतेक वेळा गहाणातलं नसतं. मग कुठलं असतं, हे विचारायची जबाबदारी तुमची.

सराफाच्या दारातली एक गंमतही लक्षात ठेवा. पुष्कळदा दुकानदार “गहाणातला माल आहे” असं नुसतं म्हणतो, खरं तर तो मोडीत घेतलेला असतो. कुणी बाई जुन्या पाटल्या देऊन नव्या घेऊन गेली, त्या पाटल्या चांगल्या दिसल्या म्हणून त्याने वितळवल्या नाहीत, इतकंच. ‘गहाण’ म्हटलं की गिऱ्हाईकाला स्वस्ताईचा वास येतो. तुमच्यासाठी मोडीतला माल उलट जास्त सुरक्षित, कारण त्यावर आधीच्या मालकाचा सोडवायचा हक्क शिल्लक नसतो.

हा हक्क काय, ते समजून घ्या. भारतीय करार कायद्यानुसार (१८७२) तारण ठेवून घेणाऱ्याला मुदत संपल्यावर वस्तू विकता येते, पण आधी मालकाला वाजवी मुदतीची नोटीस द्यावी लागते. आणि प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत मालक पैसे भरून आपली वस्तू सोडवू शकतो. म्हणजे “गहाण बुडालं” असं सराफाने तोंडाने म्हटल्याने गहाण बुडत नाही. दुकानदार खरोखर गहाणातली वस्तू देत असेल तर नोटीस दिली होती का, हे विचारा. तो चिडला तर चिडू द्या.

दुसरी गोष्ट परवान्याची. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ पासून लागू आहे. परवान्याशिवाय सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि विनापरवाना सावकाराकडं सापडलेली तारण वस्तू निबंधक मूळ मालकाला परत करायला लावू शकतो. शेकडा तीन, शेकडा पाच असा महिन्याच्या हिशेबाने व्याज सांगणारा माणूस कायद्याने चालणारा असूच शकत नाही. शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के झाले, आणि बिगरशेती तारण कर्जाला परवानाधारकाची मर्यादा वर्षाला १५ टक्क्यांची ठरवून दिलेली आहे. परवान्याची मुदत ३१ मार्चला संपते, तेव्हा भिंतीवरच्या कागदावर वर्ष वाचा. शंका आली तर तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था, या कार्यालयात नाव सांगून विचारता येतं. कागदाला इथं किती किंमत आहे ते २०१५ साली दिसलं होतं. सरकारने विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांची सावकारी कर्जं माफ केली ती फक्त परवानाधारक सावकारांकडची. ज्यांचे दागिने बिनकागदाच्या सावकाराकडं होते, ते तसेच राहिले.

आता हिशेब. आकडे तोंडी करता यावेत म्हणून २२ कॅरेटचा भाव तोळ्याला १,००,००० धरू (बाजारात तोळा म्हणजे आता सरळ १० ग्रॅम, आज्जीचा तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, तो विसरा). नवा दागिना घेतला तर घडणावळ, समजा, १२ टक्के: १२,००० रुपये. त्यावर ३ टक्के जीएसटी: ३,३६०. म्हणजे १,१५,३६० मोजले. तोच दागिना उद्या मोडायला नेला तर घडणावळ आणि कर दोन्ही पाण्यात. जुना दागिना विकताना सराफ घडणावळ मागू शकत नाही, निदान मागू नये. त्याने तो चार-पाच टक्के घट धरून घेतलेला असतो, थोडा उजळून तो तुम्हाला १,०२,००० ला देईल. तुमचे तेरा हजार वाचले. वाचले ते घडणावळीत आणि करात, सोन्यात एक रुपयाही वाचला नाही. एवढं पक्कं डोक्यात ठेवलंत तर अर्धं काम झालं. कारण कुणी तुम्हाला मोडीच्या भावापेक्षाही खाली दागिना देत असेल तर स्वतःला एकच प्रश्न विचारा: हा माणूस तो समोरच्या पेढीवर मोडून जास्त पैसे का घेत नाहीये?

आणि हे तेरा हजार फार लवकर संपतात. दागिना २२ऐवजी २० कॅरेटचा निघाला की नऊ हजार गेले. दहा ग्रॅममध्ये एक ग्रॅम लाख (पोकळ मण्यांत भरतात तो राळेसारखा पदार्थ) निघाली की दहा हजार गेले. दोन्ही एकदम झालं तर १,०२,००० देऊन तुम्ही साधारण ८२,००० चं सोनं घरी आणलंत.

लाखेबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण मराठवाड्यातल्या जुन्या दागिन्यांत खरी मेख तिथंच असते. बोरमाळ, पोहेहार, ठुशी हे दागिने सोन्याच्या पातळ पत्र्याचे. मणी आतून पोकळ, आकार टिकावा म्हणून त्यात लाख भरलेली. ही फसवणूक नाही, ती घडवायची रीतच आहे. फसवणूक होते ती लाखेसकट तोलून सगळं वजन सोन्याच्या भावाने लावतात तेव्हा. आम्ही बहिणीसाठी अशीच एक जुनी बोरमाळ घेतली होती. साडेतेरा ग्रॅम, मणी टपोरे, आईला पाहताक्षणी आवडली. मी कसाला लावून पाहिली, सोनं चोख निघालं, मी खूश. सात वर्षांनी ती मोडायची वेळ आली. कारागिराने मणी फोडून लाख जाळली, आणि ताजव्यात उरलं ते नऊ ग्रॅमच्या आत होतं. “भाऊ, सोनं एक नंबर हाय,” तो म्हणाला, “कमी हाय एवढंच.” तेव्हापासून मी पोकळ मण्यांचा कोणताही जुना दागिना घेताना एकच वाक्य बोलतो: निव्वळ सोन्याचं वजन लिहून द्या. प्रामाणिक पेढीवाला अंदाजे लाख वजा करून लिहून देतो. जो “तेवढं चालतंच की” म्हणतो त्याला नमस्कार करून पुढची पायरी गाठा.

पहिल्यांदा घेणाऱ्याने म्हणून भरीव दागिना निवडावा. पाटल्या, बिलवर, साधी अंगठी, वळं. यात लाख नाही, खडे नाहीत, मीना नाही, तोलायला आणि तपासायला सोपं. खड्यांचा जुना दागिना तर घेऊच नका. खड्याचं वजन तुम्ही सोन्याच्या भावाने मोजता आणि मोडताना तो खडा शून्यात जातो. मंगळसूत्राचा विषय वेगळा आहे. दुसऱ्याच्या घरचं डोरलं गळ्यात घालायला बायका नको म्हणतात आणि त्यावर वाद घालण्यात मला अर्थ दिसत नाही. घ्यायचंच असेल तर वाट्या धातू म्हणून घ्या, काळे मणी आणि दोरा वजनातून काढून टाका, आणि आटवून दुसरं काही करा.

दुकानात जायच्या दिवशी सकाळी २२ कॅरेटचा भाव दोन ठिकाणी विचारून घ्या, आणि “मोड काय भावाने घेता?” हेही विचारा. विकणारे म्हणून विचारलंत की खरा आकडा लवकर मिळतो. हे दोन आकडे म्हणजे तुमचं कुंपण. सौदा त्याच्या आत बसला पाहिजे. वेळ निवडता आली तर बघा. आपल्याकडं गहाणाचं गणित पावसाशी बांधलेलं आहे. मृगाच्या तोंडावर बी-खतासाठी दागिने जातात, सोयाबीन-कापूस आला की दिवाळीच्या आगेमागे सुटतात. पीक बुडालं त्या वर्षी सुटत नाहीत. असे दागिने पुढं मार्चअखेरीला, वह्या मिटवताना बाहेर येतात, असा माझा अनुभव आहे. अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात मात्र जाऊ नका. दुकानात इतकी गर्दी असते की काट्याकडं बघायलाही जागा नसते.

काट्याकडं बघायचंच. वैधमापन विभागाचा चालू वर्षाचा शिक्का आहे का, रिकामा काटा शून्य दाखवतो का, वरचा पंखा बंद केला का. हसू नका, मिलिग्रॅम मोजणाऱ्या काट्याला पंख्याचा वारा पुरतो.

मग कस. जुनी रीत कसोटीच्या काळ्या दगडाची: दागिना घासायचा, रेघेवर तेजाब टाकायचं, ती माहीत असलेल्या कसाच्या रेघेशी ताडून पाहायची. सरावाच्या हाताला दोन-चार टंचांचा (टंच म्हणजे शेकड्यात किती सोनं) फरकही कळतो, पण दगडाला फक्त वरचा थर कळतो. आताच्या क्ष-किरण यंत्राचंही तसंच आहे. ते पडद्यावर ९१.६ असा झकास आकडा दाखवतं, पण पाहतं पृष्ठभागच. म्हणून यंत्रात दागिना तीन जागी ठेवायला सांगा: मधोमध, कडेला, आणि जिथं डाक (सांधा जोडायचा धातू) लावलाय तिथं. डाकाच्या जागी आकडा थोडा खाली येणारच. फार खाली आला किंवा तीन जागी तीन तऱ्हा निघाल्या तर सोडून द्या. लोहचुंबक घेऊन येणारे काही हौशी भेटतात. तांबं, पितळ, चांदी यांपैकी काहीच चुंबकाला चिकटत नाही, तेव्हा त्या परीक्षेत पितळही पास होतं.

यापेक्षा सोपा रस्ता हॉलमार्कचा. जून २०२१ पासून हॉलमार्कची सक्ती टप्प्याटप्प्याने जिल्ह्यांना लागू होत गेली, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. दागिन्यावर भिंगातून तीन खुणा दिसल्या पाहिजेत: भारतीय मानक ब्युरोचं (बीआयएस) त्रिकोणी चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटला ९१६, १८ ला ७५०, १४ ला ५८५), आणि तो क्रमांक. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये क्रमांक टाका. दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता समोर येते. तिथं ‘अंगठी’ लिहिलंय आणि हातात पाटली आहे, असं झालं तर दुकानातून निघा. जुन्या दागिन्यावर अर्थातच हे काही नसणार. पण सराफ तो शक्य असेल तर तसाच हॉलमार्क करून देऊ शकतो, आणि तुम्ही स्वतःही मान्यताप्राप्त केंद्रावर तपासणी करून घेऊ शकता. चार नगांपर्यंत शुल्क २०० रुपये आणि वर कर. लाखाच्या व्यवहारात दोनशे रुपये वाचवणारी माणसं मी पाहिली आहेत. अहवाल हाती आल्यावरच उरलेले पैसे, असं सांगून थोडी विसार रक्कम द्या. जो तपासणीलाच नाही म्हणतो, त्याने तुमचं काम फुकटात करून दिलं असं समजा.

भावाची घासाघीस करताना शेठला “कमी करा” म्हणू नका. त्याने तुमच्यासाठी आधीच वाढवून सांगितलेलं असतं, तो तेवढंच कमी करतो. त्याऐवजी तुकडे पाडून विचारा: सोन्याचं वजन किती, कस किती, भाव कोणता धरला, उजळायचे किती. चारही उत्तरं वेगळी मिळाली की बेरीज तुम्हीच करा. जुन्या दागिन्यावर ‘मजुरी’ हा शब्द आला तर तिथंच थांबवा. आणि उद्या हाच दागिना तुम्हीच परत घेणार असाल तर काय घट कापाल, हे आज विचारून पावतीवर लिहून घ्या.

पावतीवर आणखी काय हवं? दुकानाचं नाव, जीएसटी क्रमांक असेल तर तो, दागिन्याचं वर्णन, एकूण आणि निव्वळ वजन, कस, भाव, तारीख, सही. ‘जुना दागिना’ असं स्पष्ट लिहिलेलं हवं. “बिल केलं तर कर लागंल” ही पळवाट बहुतेकदा अर्धवट असते. जुनी वस्तू आहे तशीच विकताना नोंदणीकृत व्यापाऱ्याला कर आपल्या नफ्यावर लावायची सोय नियमांत आहे, पूर्ण किमतीवर लावावाच लागतो असं नाही. पैसे यूपीआयने किंवा चेकने द्या. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला कायद्याने मनाई आहे, पण पन्नास हजारांच्या सौद्यातही बँकेतली नोंद तुमच्या बाजूने बोलते.

ही नोंद का लागते? उद्या दागिना चोरीचा निघाला तर. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे चोरीचा माल जाणूनबुजून, किंवा तसा संशय घ्यायला कारण असताना, घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तुम्ही निर्दोष ठरलात तरी दागिना मुद्देमाल म्हणून जातो आणि शेवटी मूळ मालकाकडं पोचतो. पावती असेल तर निदान दुकानदाराच्या मागं लागता येतं. जुन्या बाजारातल्या चादरीवर बसलेल्या माणसाच्या मागं कुठं लागणार?

त्याच बाजाराच्या आसपास “पाया खोदताना सापडलं, घरात सांगू नका” म्हणत पिवळ्या मण्यांची माळ दाखवणारी जोडपी भेटतात. एक मणी तोडून देतात आणि सराफाकडं तपासून आणा म्हणतात. तो मणी खरोखर सोन्याचाच असतो. तेवढा एकच.

लिलावाचं दार नवख्याने लांबून बघावं. बँका आणि सोनेतारण कंपन्यांना लिलावाची जाहिरात वर्तमानपत्रात द्यावी लागते, त्यातली एक स्थानिक भाषेतली. किमान बोलीही बाजारभावाच्या जवळच धरलेली असते, म्हणून तिथं पाडलेला भाव मिळेल ही आशा फोल. अनामत भरायची, पॅन-आधार द्यायचं, आणि दागिना ‘आहे तसा’ घ्यायचा. घासून किंवा फोडून पाहू देत नाहीत, त्यामुळं लाखेचा प्रश्न तसाच लटकतो. बोली लावणारे बहुतेक सराफच असतात आणि त्यांचा डोळा तुमच्यापेक्षा तयार असतो. एकदा नुसतं बसून बघायला मात्र जरूर जा, कुठला दागिना किती घट धरून उचलतात ते तिथं फुकट शिकायला मिळतं.

सोन्याखेरीज बाकीचं थोडक्यात. तांब्या-पितळेची जुनी भांडी, घंगाळ, हंडे, पराती, ही माझ्या मते गहाणा-मोडीतली सगळ्यात चांगली खरेदी. किलोवर मिळतात, आजच्या पत्र्यापेक्षा जाड असतात, आणि वर कुणाच्या तरी लग्नातलं नाव कोरलेलं असतं ते आपल्याला चालणार असेल तर झालं. तळ ठोकून आवाज ऐका, पाणी भरून दहा मिनिटं ठेवा, पितळेला कल्हई करून मगच स्वयंपाकाला घ्या. मोबाइल घेत असाल तर *#०६# लावून आयएमईआय क्रमांक काढा. ‘केवायएम’ लिहून जागा सोडून तो क्रमांक १४४२२ ला संदेश पाठवला की फोन काळ्या यादीत आहे का ते कळतं. बिल आणि खोका दोन्ही नसलेला फोन घेऊ नका. गहाण पडलेली मोटारसायकल तर आरसी बुकावर बँकेचा बोजा असताना घेऊच नका. बोजा उतरवायचा नमुना ३५ आणि नावावर करायचे नमुने २९-३० मालकाच्या सहीने हातात आल्याशिवाय किल्लीला हात लावू नये.

दागिना घरी आणल्यावर त्याच दिवशी दुसऱ्या एखाद्या पेढीवर नुसता तोलून घ्या. ओळखीचा सराफ याचे पैसे घेत नाही. माळेचा प्रकार असेल तर जुना दोरा कुजलेला असतो, ती पटवेकऱ्याकडं देऊन गाठवून घ्यावी लागते. देण्याआधी मणी मोजा, वजन करा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, आणि गाठवून आली की त्याच्यासमोरच पुन्हा मोजा. आमच्या बहिणीच्या माळेतले दोन मणी तिथंही गेलेच होते.